गॅरी किल्डॉल

गॅरी आर्लेन किल्डॉल (जन्म : १९ मे १९४२, सिॲटल, वॉशिंग्टन राज्य, मृत्यू : ११ जुलै १९९४, मॉन्टेरे, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि उद्योजक होते. मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या संगणकांसाठी त्यांनी तयार केलेली सीपी/एम ही कार्यप्रणाली १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली ठरली. संगणकाच्या यंत्रभागाशी थेट बोलणारा कार्यप्रणालीचा भाग वेगळा काढून त्याला ‘बायॉस’, म्हणजेच बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टीम, हे नाव त्यांनी दिले. मायक्रोप्रोसेसरसाठीची पहिली उच्चस्तरीय भाषा पीएल/एम ही देखील त्यांचीच निर्मिती होय.

१९८० साली आयबीएम कंपनीशी त्यांचा करार होऊ शकला नाही व ती संधी मायक्रोसॉफ्टला मिळाली. या घटनेभोवती रचल्या गेलेल्या दंतकथेमुळे त्यांचे मूळ कार्य दीर्घकाळ झाकोळले गेले. आज लॅपटॉप सुरू करताना दिसणाऱ्या ‘बायॉस सेटअप’ या शब्दांचा उगम त्यांच्याच कामात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

बालपण आणि शिक्षण

किल्डॉल यांचे घराणे नौकानयनाशी संबंधित होते. सिॲटल येथे ‘किल्डॉल नॉटिकल स्कूल’ ही नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा त्यांच्या कुटुंबातर्फे चालवली जात असे. आजोबांनंतर वडील जोसेफ किल्डॉल यांनी ती सांभाळली. गॅरी यांनीही तरुणपणी काही काळ तेथे अध्यापन केले. समुद्रावर जहाजाचे स्थान निश्चित करण्यासाठी गोलीय त्रिकोणमितीची किचकट आकडेमोड करावी लागते. ही आकडेमोड करणारे एखादे यंत्र असावे, अशी वडिलांची इच्छा होती. पुढे मायक्रोप्रोसेसर हाती आल्यावर किल्डॉल यांनी त्यावर त्रिकोणमितीचे प्रयोग केले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला तो गणिताचे शिक्षक होण्याच्या उद्देशाने. तेथे संगणकाशी परिचय झाल्यावर त्यांचा ओढा त्या विषयाकडे वळला. १९६७ साली त्यांनी पदवी संपादन केली. व्हिएतनाम युद्धाचा तो काळ होता आणि अमेरिकेत सक्तीची लष्करी सेवा लागू होती. ही सेवा त्यांनी नौदलाच्या मॉन्टेरे येथील ‘नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल’ या पदव्युत्तर शिक्षणसंस्थेत अध्यापन करून पूर्ण केली. त्यानंतर वॉशिंग्टन विद्यापीठात परतून १९७२ साली त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि ते पुन्हा मॉन्टेरेला अध्यापनासाठी गेले.

त्यांच्या संशोधनाचा विषय कंपाइलर हा होता. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत रूपांतरित करणाऱ्या आज्ञावलीला कंपाइलर म्हणतात. आज्ञावलीतील प्रत्येक टप्प्यावर कोणत्या चलाविषयी कोणती गोष्ट निश्चितपणे सांगता येते, हे पद्धतशीरपणे काढून अनावश्यक आकडेमोड टाळण्याची एक सर्वसाधारण रीत त्यांनी मांडली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधातील ही पद्धत ‘किल्डॉल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. कंपाइलरच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवली जाते. किल्डॉल हे केवळ एक हुन्नरी कारागीर नव्हते, तर सैद्धांतिक संगणकशास्त्रातही त्यांचे स्थान होते, हे या निबंधावरून दिसते.

इंटेल आणि पीएल/एम

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो एका वेळी केवळ ४ बिटांवर काम करी. कॅल्क्युलेटर, वाहतूक दिवे, वजनकाटे अशा उपकरणांसाठी हा भाग उपयोगी पडेल अशी त्या काळी सर्वसाधारण कल्पना होती. किल्डॉल यांनी मात्र त्याकडे संगणक म्हणून पाहिले. प्रत्यक्ष यंत्र हाती येण्यापूर्वीच त्यांनी महाविद्यालयाच्या मोठ्या संगणकावर ४००४ची नक्कल करणारी आज्ञावली लिहिली. या कामामुळे त्यांचा इंटेलशी संबंध आला आणि आठवड्यातून एक दिवस ते तेथे सल्लागार म्हणून जाऊ लागले.

८ बिटांचे ८००८ (१९७२) आणि ८०८० (१९७४) हे पुढील प्रोसेसर आले तेव्हा त्यांच्यासाठी आज्ञावली लिहिणे अत्यंत कष्टाचे होते. यंत्राच्या प्रत्येक सूचनेचा हिशेब लिहिणाऱ्याला स्वतःच ठेवावा लागे. हे कष्ट वाचावेत म्हणून किल्डॉल यांनी १९७३ साली पीएल/एम ही भाषा तयार केली. इंटेलने ती स्वीकारली आणि अनेक वर्षे आपल्या ग्राहकांना पुरवली.

सीपी/एमची निर्मिती

पीएल/एमचा कंपाइलर मोठ्या संगणकावरच चालत असे. तो छोट्या संगणकावरच चालावा, अशी किल्डॉल यांची इच्छा होती. त्यासाठी माहिती साठवण्याचे जलद साधन हवे होते. छिद्रांच्या कागदी पट्टीवर हे काम होण्यासारखे नव्हते. त्या सुमारास ८ इंची फ्लॉपी डिस्क नव्याने उपलब्ध झाली होती. शुगार्ट कंपनीकडून त्यांनी चाचणीत वापरून झालेला एक डिस्क ड्राइव्ह मिळवला. परंतु तो संगणकाला जोडणारे मंडल त्यांच्याकडे नव्हते व ते बांधण्याचा त्यांचा स्वतःचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. अखेर त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी ते मंडल बांधून दिले.

१९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथील घराच्या परसात, अवजारे ठेवण्याच्या खोलीत, ही जोडणी प्रथमच व्यवस्थित चालली. डिस्कवर फाइल लिहिणे, ती वाचणे, नावावरून शोधणे आणि खोडणे ही कामे करणारी जी आज्ञावली किल्डॉल यांनी त्यासाठी पीएल/एममध्ये लिहिली, तीच सीपी/एम होय. नावाचा पूर्ण अर्थ प्रारंभी ‘कंट्रोल प्रोग्रॅम/मॉनिटर’ असा होता. पुढे तो ‘कंट्रोल प्रोग्रॅम फॉर मायक्रोकॉम्प्युटर्स’ असा केला गेला. इंटेलने पीएल/एम घेतली, पण सीपी/एममध्ये तिला रस वाटला नाही. त्यामुळे तिचे हक्क किल्डॉल यांच्याकडेच राहिले. त्यांनी पत्नी डोरोथी मॅकइवन यांच्यासह ‘इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च’ हा व्यवसाय सुरू केला. काही काळाने नावातील पहिला शब्द गळून ‘डिजिटल रिसर्च’ हे नाव रूढ झाले.

बायॉसची संकल्पना

सीपी/एम विकली जाऊ लागली तेव्हा एक अडचण वारंवार येऊ लागली. त्या काळी छोट्या संगणकांमध्ये एकसारखेपणा नव्हता. एका कंपनीचा डिस्क नियंत्रक दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकापेक्षा निराळा असे. पडदा, टंकयंत्र आणि मुद्रक यांच्या जोडणीतही तीच स्थिती होती. परिणामी प्रत्येक नव्या यंत्रासाठी कार्यप्रणालीत ठिकठिकाणी फेरफार करावे लागत.

इम्साई या संगणक कंपनीने आपल्या ग्राहकांना डिस्क ड्राइव्ह विकले होते, पण त्यांच्यासाठी कार्यप्रणाली तिच्याकडे नव्हती. तिच्या वतीने ग्लेन इविंग यांनी किल्डॉल यांच्याकडे सीपी/एमची मागणी केली. पुन्हा एकदा सगळी प्रणाली नव्या यंत्राला जुळवून देण्यापेक्षा किल्डॉल यांनी तिची रचनाच बदलली. यंत्रानुसार बदलणारा सगळा भाग त्यांनी एका ठिकाणी गोळा केला आणि उरलेला भाग यंत्रनिरपेक्ष ठेवला. १९७५-७६च्या सुमारास झालेल्या या विभागणीतील यंत्रसापेक्ष भागाला ‘बायॉस’ असे नाव मिळाले.

या रचनेत सीपी/एमचे तीन थर होते. सर्वांत वरचा थर, सीसीपी, वापरकर्त्याने टंकित केलेल्या आज्ञा वाचत असे. मधला थर, बीडॉस, फाइलींची व्यवस्था पाहत असे. सर्वांत खालचा थर म्हणजे बायॉस. वरच्या दोन थरांना डिस्क कोणत्या बनावटीची आहे याची माहिती असण्याची गरज नव्हती. बीडॉसने अमुक मार्गिकेवरील अमुक खंड वाचावा एवढेच सांगायचे आणि ते काम त्या विशिष्ट यंत्रावर कसे करायचे हे बायॉसने ठरवायचे, अशी ही श्रमविभागणी होती.

बायॉसच्या आरंभी ठरावीक क्रमाने उड्या मारण्याच्या सूचनांचा एक तक्ता असे. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत अशा १७ नोंदी होत्या. त्यांत संगणक सुरू करणे, टंकयंत्रावरून अक्षर घेणे, पडद्यावर अक्षर पाठवणे, डिस्क निवडणे, खंड वाचणे आणि लिहिणे अशा मूलभूत कामांचा समावेश होता. या १७ कामांसाठी आपल्या यंत्रापुरत्या सूचना लिहिल्या की सीपी/एम त्या यंत्रावर चालू लागे. परिणामी सीपी/एमसाठी लिहिलेली शब्दप्रक्रियेची किंवा हिशेबाची आज्ञावली अनेक निरनिराळ्या यंत्रांवर सहसा न बदलता चालवता येऊ लागली. आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी एक सामाईक बाजारपेठ त्यामुळे प्रथमच अस्तित्वात आली.

या संकल्पनेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बायॉस हा मुळातच दुसऱ्याने बदलावा म्हणून मोकळा ठेवलेला भाग होता. डिजिटल रिसर्च सीपी/एमसोबत जी पुस्तिका देत असे, तिच्यात प्रणाली आपल्या यंत्राला कशी जुळवून घ्यावी याचे टप्पे दिलेले असत आणि नमुन्यादाखल बायॉसची संहिता छापलेली असे. ज्याच्याकडे थोडे यंत्रभाषेचे ज्ञान आणि चिकाटी होती, असा कोणीही हौशी मनुष्य स्वतःचा बायॉस लिहू शकत असे. त्या काळी बायॉस डिस्कवरून स्मृतीत भरला जाई. तो यंत्रात कायमचा कोरलेला नसल्यामुळे प्रयोग फसला तरी जुनी डिस्क घालून संगणक पुन्हा सुरू करता येत असे.

सेटिंगच्या बाबतीतही हाच मोकळेपणा होता. स्मृतीतील तिसऱ्या क्रमांकाच्या पत्त्यावर ‘आयओबाइट’ नावाचा एक बाइट ठेवण्याची सोय होती. त्याच्या ८ बिटांपैकी दोन-दोन बिट चार उपकरणांना वाटून दिलेले होते. त्यामुळे प्रत्येक उपकरणासाठी चार पर्यायांपैकी एक निवडता येई. छापील मजकूर मुद्रकाकडे जावा की पडद्यावर यावा, हे या बाइटावरून ठरे. बायॉस लिहिणाऱ्याने ही सोय ठेवली असेल, तर ‘स्टॅट’ या आज्ञेने वापरकर्ता ते बदलू शकत असे. कोणत्या बिटाचा अर्थ काय, हे पुस्तिकेत उघडपणे छापलेले होते.

डिजिटल रिसर्चचा उत्कर्ष

प्रारंभी सीपी/एम टपालाने घरोघरी विकली जात असे. मागणी वाढत गेली तसे किल्डॉल यांनी अध्यापन सोडले व पूर्ण वेळ कंपनीच्या कामाला वाहून घेतले. व्यवसायाची बाजू मुख्यतः डोरोथी सांभाळत. पॅसिफिक ग्रोव्ह येथील लाइटहाउस अव्हेन्यूवरील ८०१ क्रमांकाच्या जुन्या घरात कंपनीचे कार्यालय होते. १९८१च्या सुमारास सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या संगणकांवर चालत असल्याचे आणि कंपनीचे वार्षिक उत्पन्न ५४ लाख डॉलर असल्याचे सांगितले जाते. एकाच संगणकावर अनेकांना काम करू देणारी एमपी/एम ही प्रणालीही कंपनीने १९७९ साली आणली.

आयबीएमशी व्यवहार

१९८० साली आयबीएमने आपल्या पहिल्या वैयक्तिक संगणकाचे काम हाती घेतले. तिचे प्रतिनिधी प्रथम मायक्रोसॉफ्टकडे गेले. बिल गेट्स यांनी त्यांना कार्यप्रणालीसाठी डिजिटल रिसर्चकडे पाठवले. प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्ह येथे आले त्या दिवशी सकाळी किल्डॉल आपले विमान घेऊन एका ग्राहकाकडे पूर्वनियोजित भेटीसाठी गेले होते. प्रतिनिधींनी समोर ठेवलेला गोपनीयतेचा करार अत्यंत एकतर्फी होता. डोरोथी यांनी कंपनीच्या वकिलांचा सल्ला घेतला आणि त्यावर लगेच सही करण्यास नकार दिला.

यापुढील तपशिलांबाबत मतभेद आहेत. दुपारी परत आल्यावर आपण आयबीएमच्या लोकांना भेटलो, असे किल्डॉल यांचे म्हणणे होते. त्यांच्यासोबत विमानात असलेले सहकारी टॉम रोलँडर यांनीही त्याला दुजोरा दिला. आयबीएमचे प्रतिनिधी जॅक सॅम्स यांची आठवण याहून वेगळी होती. मोबदल्याच्या स्वरूपावरही एकमत होऊ शकले नाही. आयबीएमला एकरकमी व्यवहार हवा होता, तर डिजिटल रिसर्चचा व्यवसाय प्रत्येक प्रतीमागे मिळणाऱ्या रकमेवर उभा होता. वाटाघाटी फिसकटल्या. पुढे या साऱ्या गुंतागुंतीचे रूपांतर, मौजेखातर विमान उडवत राहिल्याने एका माणसाने आयुष्यातील सर्वांत मोठी संधी गमावली, अशा सोप्या गोष्टीत झाले. किल्डॉल त्या दिवशी कामानिमित्तच गेले होते. व्यवसायाच्या वाटाघाटी नेहमीप्रमाणे पत्नीवर सोपवलेल्या होत्या. या दोन्ही बाबी त्या गोष्टीत राहून जातात.

मायक्रोसॉफ्टने सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस ही प्रणाली प्रथम परवान्याने घेतली आणि १९८१ साली विकत घेतली. तीच आयबीएमच्या संगणकासाठी पीसी डॉस झाली. सीपी/एमसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या नव्या प्रोसेसरवर सहज आणता याव्यात म्हणून ८६-डॉसमधील सेवांची रचना सीपी/एमच्या धर्तीवर ठेवलेली होती. किल्डॉल यांच्या मते ही नक्कल होती. आपण सीपी/एमची संहिता पाहिलीच नव्हती, केवळ प्रसिद्ध पुस्तिकेचा आधार घेतला, असे पॅटरसन यांचे म्हणणे होते. संगणकीय आज्ञावलीच्या स्वामित्वहक्काचा कायदा तेव्हा पुरेसा स्पष्ट नव्हता. किल्डॉल यांनी आयबीएमकडे आक्षेप नोंदवल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ ही प्रणालीदेखील आपल्या संगणकासोबत विक्रीस ठेवण्याचे मान्य केले. डिजिटल रिसर्चने त्या बदल्यात दाव्याचा हक्क सोडला.

आयबीएमचा संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. सीपी/एम-८६ १९८२ साली बाजारात आली तेव्हा पीसी डॉसची किंमत सुमारे ४० डॉलर, तर सीपी/एम-८६ची २४० डॉलर होती. ग्राहकांनी स्वस्त पर्याय निवडला आणि स्पर्धा जवळपास तेथेच संपली.

नंतरचे कार्य

या अपयशानंतरही किल्डॉल यांचे संशोधन थांबले नाही. एकाच वेळी अनेक कामे करू देणाऱ्या कार्यप्रणाली, चित्रमय पडद्यासाठीचे ‘जेम’ (१९८५) आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉसला स्पर्धक ठरलेली डीआर डॉस (१९८८) ही उत्पादने डिजिटल रिसर्चने बाजारात आणली. मुलांना संगणक शिकवण्यासाठीच्या लोगो भाषेतही त्यांना विशेष रस होता.

१९८४ साली त्यांनी स्थापन केलेली दुसरी कंपनी पुढे नॉलेजसेट या नावाने ओळखली गेली. तिने ग्रोलियर विश्वकोशाची संगणकावर वाचता येणारी सीडी-रॉम आवृत्ती १९८५ साली तयार केली. अनेक खंडांचा मजकूर एका तबकडीत साठवून त्यातील हवा तो शब्द क्षणात शोधता येणे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. १९८०च्या दशकात स्टुअर्ट शेफे यांच्यासह ‘द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी मालिकेचे सहनिवेदन त्यांनी केले. त्यात ते प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या उत्पादनांचीही सविस्तर माहिती प्रेक्षकांना करून देत.

१९९१ साली नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. त्यानंतर किल्डॉल टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराजवळ राहण्यास गेले.

वैयक्तिक जीवन आणि मृत्यू

किल्डॉल आणि डोरोथी यांना एक मुलगा व एक मुलगी होती. १९८३ साली उभयतांचा घटस्फोट झाला. किल्डॉल यांचा दुसरा विवाहही पुढे संपुष्टात आला. विमान चालवणे, वेगवान मोटारी आणि नौकाविहार हे त्यांचे छंद होते. एचआयव्हीबाधित मुलांच्या मदतीसाठी त्यांनी स्वयंसेवी काम केले.

आर्थिक विवंचना नसतानाही मायक्रोसॉफ्टशी होणारी तुलना त्यांना अखेरपर्यंत सलत राहिली. १९९२ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाच्या वर्धापनदिनाचे निमंत्रण त्यांना माजी विद्यार्थी म्हणून मिळाले, परंतु प्रमुख वक्ते म्हणून बिल गेट्स यांना बोलावण्यात आले होते. या प्रसंगाने व्यथित होऊन त्यांनी ‘कॉम्प्युटर कनेक्शन्स’ हे आत्मकथन लिहिण्यास घेतले. त्याच्या मोजक्या प्रती त्यांनी जवळच्या लोकांना दिल्या. त्यांच्या हयातीत ते प्रकाशित झाले नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांना मद्यपानाच्या व्यसनाने ग्रासले होते. ८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरे येथील एका उपाहारगृहात त्यांच्या डोक्याला मार लागला. तो नेमका कसा लागला, हे निश्चित होऊ शकले नाही. तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिॲटल येथे त्यांचे दफन करण्यात आले.

बायॉसचा पुढील प्रवास

किल्डॉल यांच्या कार्यप्रणालीचा वापर मागे पडला, तरी बायॉस हे नाव आणि त्यामागील विभागणी टिकून राहिली. मात्र तिचे स्वरूप हळूहळू पालटत गेले. आयबीएमने आपल्या संगणकात बायॉस डिस्कवर न ठेवता मुख्य पटलावरील रॉम चिपमध्ये कायमचा कोरला. त्याची संहिता तांत्रिक पुस्तिकेत छापलेली होती, पण ती आयबीएमच्या स्वामित्वहक्काखाली होती. त्यामुळे सुसंगत संगणक बनवणारी कॉम्पॅक आणि अशा संगणकांसाठी बायॉस पुरवणारी फिनिक्स या कंपन्यांना मूळ संहिता न वापरता तीच कामे करणारा बायॉस स्वतंत्रपणे लिहून घ्यावा लागला. १९८४च्या आयबीएम पीसी एटीपासून सेटिंग जपून ठेवण्यासाठी बॅटरीवर चालणारी छोटी स्मृती आली. १९९०च्या दशकात रॉमची जागा पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपने घेतली. २००५ साली स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमने जुन्या बायॉसऐवजी यूईएफआय हा नवा मानक पुढे आणला. तरीही बोलण्यात ‘बायॉस’ हाच शब्द कायम आहे.

आधुनिक लॅपटॉपमध्ये सेटअपच्या पडद्यावर जेवढे पर्याय दिसतात, त्यांहून कितीतरी अधिक पर्याय आतील संहितेत असू शकतात. निर्माते संहिता तयार करणाऱ्या कंपन्यांकडून सर्वसाधारण आराखडा घेतात आणि आपल्या ग्राहकांना नको असलेले पर्याय अटी घालून लपवतात. स्मृतीचा वेग, प्रोसेसरचा व्होल्टेज, वीजवापराच्या मर्यादा यांसारखे पर्याय बहुधा दडवलेले असतात. चुकीच्या निवडीमुळे यंत्र अस्थिर होऊ नये, तापू नये आणि दुरुस्तीचा भार वाढू नये, हा त्यामागील हेतू असतो. प्रत्येक पर्यायाचे मूल्य फ्लॅश चिपमधील एखाद्या चलातील ठरावीक बाइटात साठवलेले असते. आयओबाइटचीच ही विस्तारित आवृत्ती म्हणता येईल. फरक इतकाच की कोणत्या बाइटाचा अर्थ काय, हे आता पुस्तिकेत छापलेले नसते.

हे पर्याय खुले करू पाहणारे हौशी तंत्रज्ञ प्रथम चिपमधील मजकुराची प्रत काढतात. तिच्यातील सेटअपचा भाग उलगडून पर्यायांची यादी व त्यांचे बाइट शोधतात. त्यानंतर तो बाइट थेट बदलला जातो किंवा पर्याय लपवणारी अट काढून सुधारित मजकूर चिपमध्ये पुन्हा लिहिला जातो. या खटाटोपात लॅपटॉप कायमचा बंद पडण्याचा धोका असतो. तसे झाल्यास चिपवर बाहेरून चिमटा लावून, प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने जतन केलेली मूळ प्रत परत लिहावी लागते. म्हणून मूळ प्रत सुरक्षित ठेवल्याशिवाय कोणताही बदल करू नये, हा या कामातील पहिला नियम मानला जातो. इंटेलच्या २०१३ पासूनच्या अनेक यंत्रांत ‘बूट गार्ड’ ही सोय आहे. ती निर्मात्याने सक्रिय केलेली असल्यास सुरुवातीच्या संहितेवरील डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते आणि त्या संरक्षित भागातील बदल यंत्र स्वीकारत नाही. दुर्भावनेने कोणी बायॉसमध्ये घातक संहिता घुसवू नये यासाठी हे संरक्षण उपयुक्त आहे. त्याच संरक्षणामुळे मालकालाही आपल्या यंत्राच्या त्या भागापासून दूर राहावे लागते. १९९९ साली लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेला, आज कोअरबूट या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प मात्र मुक्त आणि बदलता येण्याजोगी संहिता पुरवतो.

यंत्रांमधील भेद एका लहान भागात एकवटावेत आणि तो भाग ज्याच्या हाती यंत्र आहे त्याला बदलता यावा, अशी बायॉसची मूळ मांडणी होती. तिचा पूर्वार्ध आज सर्वमान्य आहे. उत्तरार्ध बहुतांशी मागे पडला आहे.

सन्मान आणि वारसा

मृत्यूनंतर १९९५ साली अमेरिकेतील सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या संघटनेने किल्डॉल यांच्या कार्याचा गौरव केला. २००४ साली हॅरल्ड इव्हान्स यांनी अमेरिकन संशोधकांवरील आपल्या ग्रंथात किल्डॉल यांच्यावर एक प्रकरण लिहिले. त्यातील मजकुरावरून पॅटरसन यांनी बदनामीचा दावा दाखल केला. न्यायालयाने तो २००७ साली फेटाळला.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एप्रिल २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील डिजिटल रिसर्चच्या जुन्या कार्यालयापाशी स्मृतिफलक बसवला. त्यावर सीपी/एमसोबत बायॉसच्या शोधाचाही स्पष्ट उल्लेख आहे. नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमधील एका सभाकक्षाला २०१७ साली त्यांचे नाव देण्यात आले.

कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१४ साली सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची संहिता आणि २०१६ साली कुटुंबीयांच्या संमतीने त्यांच्या आत्मकथनाचा पहिला भाग सर्वांसाठी उपलब्ध करून दिला. त्यामुळे किल्डॉल यांनी लिहिलेली मूळ संहिता आज कोणत्याही विद्यार्थ्याला वाचता व अभ्यासता येते.